बिनवासाचं डांगर

या, या, पोरांनो, जवळ सरका! दारात उभं राहिलेल्यांनी आत या, आणि मागे बसलेल्यांनी पुढच्यांच्या वेण्या ओढणं आता पुरे करा. आज एक चोरीची गोष्ट ऐकायची आहे. चोरीच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. पण या गोष्टीतल्या चोराने फळ तोडण्याआधी वेलीला हात जोडले होते! खोटं वाटतं ना? मग कान इकडे द्या.

"गेलं! तेजस, फळ गेलं!"

दिपमाला शेडनेटच्या दारातच मटकन खाली बसली. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सकाळ होती. पलीकडे निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यांवर गावातल्या पोरींची गाणी अजून चालू होती. 'एकच झोका घेते आणि येते' म्हणून ती तिकडे गेली होती; पण झोका का कधी एक असतो? तो वर गेला की पाय आपोआप पुढचा झोका मागतात. आणि आता वेलीवर फळासाठी बांधलेली कापडाची झोळी रिकामी लोंबत होती.

तिचा धाकटा भाऊ तेजस सांजोरी खात खात आला. झोळी पाहून त्याचा घास तोंडातच राहिला.

"ताई, आत्या आपल्याला... म्हणजे तुला... ओरडेल!"

"ओरडली तर बरंच," दिपमाला रडवेल्या आवाजात म्हणाली. "ती ओरडणार नाही रे, नुसती गप्प बसेल."

हे फळ एवढं मोलाचं का, ते आधी सांगायला हवं. दोघं भावंडं जळगावची. सुटीत ती शिंदखेड्याजवळच्या निमटेक गावी चारुलताआत्याकडे आली होती. आत्या काकडीवर संशोधन करायची. गावातल्या प्रेमराजआबांच्या शेताचा एक तुकडा तिने भाड्याने घेतला होता, आणि त्यावर हे हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं होतं.

"काकडीवर संशोधन?" आल्या दिवशीच तेजसने विचारलं होतं. "चिरायची, मीठ लावायचं, खायची. त्यात शोधायचं काय?"

आत्या हसली. तिने आधी त्याला शेजारच्या वाफ्यातल्या काकडीची पानं दाखवली. पानांवर पिवळे चौकोनी डाग होते आणि कडा करपून गेल्या होत्या.

"हा केवडा रोग. आधी डाग, मग पान जातं, मग वेल जाते. गेल्या पावसाळ्यात या शिवारातली बहुतेक काकडी अशीच गेली. आता ही बघ."

तिच्या कुंडीतली वेल मात्र हिरवीगार होती. पानापानाआड अंड्याएवढी फळं लटकली होती. पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरात, एका नाल्याकाठी आत्याला ही रानकाकडी सापडली होती. आजूबाजूला रोग माजला, तरी हिच्या पानाला डाग नव्हता! तेजसने न विचारता एक फळ तोडून कचकन चावलं, आणि पुढच्या क्षणी तो थू थू करत पाण्याच्या टाकीकडे पळाला.

"आत्या, हिला कशाला जपतेस? ही काकडी नाही, शिक्षा आहे!"

"कडू आहे म्हणून तर रानात वाचली, शहाण्या! आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड निवडलं, मऊ निवडलं, मोठं निवडलं. ते निवडताना हिच्या अंगातला चिवटपणा मागे रानातच राहून गेला. तो मला घरी आणायचाय."

आणि तो घरी आणण्यासाठी आत्याने काय काय केलं होतं! रानकाकडी लहान दिवसांत फुलते. फाल्गुनात दिवस लांबायला लागले, तशी तिला फुलं येईनात. मग आत्या रोज लख्ख ऊन असतानाच कुंडीवर काळं कापड पांघरायची.

"म्हणजे तू वेलीला फसवलंस!" दिपमाला म्हणाली होती.

"फसवलं नाही गं, लवकर निजवलं. लहान बाळाला निजवतात तसं."

मग कधीतरी रानवेल फुलली. दुसऱ्या बाजूला एका जुन्या, गोल गावरान काकडीची वेल होती. चवीला अमृत, पण अंगाने नाजूक. जुन्या बियांतलं एकच बी उगवलं होतं. आत्या संध्याकाळी कळ्यांना दोरा बांधून ठेवायची, म्हणजे मधमाश्यांच्या आधी पहाटे आपल्या हाताने रानवेलीचा पराग गोल काकडीच्या फुलाला लावता यावा. वर कागदाची पिशवी चढवायची. उन्हाने फुलं गळत गेली. एक मात्र टिकलं. त्याचं फळ धरलं, वाढलं आणि बियांसाठी वेलीवरच पिकत राहिलं. आता वेल वाळत चालली होती. जुन्या काकडीचं जे काही जगात उरलं होतं, ते सगळं त्या एका फळाच्या पोटात होतं.

काल संध्याकाळी कामासाठी जळगावला जाताना आत्या म्हणाली होती, "आखाजी झाली की फळ काढू. तोवर तुझ्यावर सोपवलंय हं, दिपा."

आणि दिपाने काय केलं? झोका घेतला!

"रडून फळ येणार नाही. बाजूला हो, मला बघू दे." हा आवाज नवलचा. नवल म्हणजे प्रेमराजआबांचा नातू. आठवीत होता, वागायचा मात्र फौजदारासारखा. तो गुडघ्यांवर बसून वेलीचा देठ न्याहाळू लागला.

"विळ्याने कापलेलं नाही. ओढून, पिळून तोडलंय. आणि हे दखा, सांध्यावर नखाच्या खुणा. कोणीतरी अंगठ्याने दाबलंय, एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

"आणि हे काय?" तेजस किंचाळला. "वेलीच्या बुडाशी काळी पूड! विष!"

खरंच, मुळाशी चिमूटभर काळी भुकटी पडली होती. नवलने ती काडीने कागदावर घेतली आणि पुडी बांधली.

"आधी फळ चोरायचं, मग वेलीला विष घालायचं! ताई, असा दुष्ट माणूस कोण असेल?"

"रतिलालशेठ!" नवल म्हणाला. "शिंदखेड्याला बियाण्यांचं दुकान आहे ना, तेच. मागच्या आठवड्यात जाळीला नाक लावून विचारत होते, 'ताई, हे वाण मला कधी देणार?' आणि आत्ताच त्यांची मोटारसायकल फाट्याकडे गेली. हँडलला पिशवी होती. गोल!"

बस्स! पुढच्या क्षणी तिघं सायकलींवर होती. वैशाखाच्या उन्हात डांबर मऊ पडलं होतं, तेजसची चेन एकदा उतरली, दिपमालाची ओढणी चाकात जाता जाता वाचली. पण थांबतंय कोण!

नशीब मुलांच्या बाजूने होतं. फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात शेठची मोटारसायकल आडवी पडली होती, आणि शेठ बाकड्यावर बसून रुमालाने वारा घेत होते. मांडीवर पिशवी होती. गोल!

"तेजस, तू चक्कर आल्याचं सोंग कर," नवल कुजबुजला.

"मीच का?"

"तुझा चेहरा त्याच कामाचा आहे!"

तेजस "आई गं!" म्हणत असा कोसळला, की पंक्चरवाल्याच्या हातातली ट्यूब पाण्यात पडली. शेठ घाबरून धावले. पिशवी बाकड्यावरच राहिली. दिपमालाने झटकन पिशवीचं तोंड उघडलं, आणि आतून घमघमाट आला! गोड, पिकलेला, तोंडाला पाणी सुटेल असा.

"अगं, डांगर पाहिजे तर मागायचं! उघडतेस काय?" शेठ वळून म्हणाले.

पोरांनो, बाहेरगावी डांगर म्हणजे भोपळा. आपल्या खानदेशात डांगर म्हणजे खरबूज. आखाजीला पितरांची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात, हे तुम्हाला काय सांगायचं! त्या सकाळी रस्त्यावरच्या निम्म्या पिशव्या गोलच होत्या.

दिपमालाची मान खाली गेली. तिने सगळं खरं सांगून टाकलं. शेठ आधी रागावले, मग पोट धरून हसले.

"म्हणजे मी चोर! आणि हा पोरगा बेशुद्ध! ऊठ रे, तुझा एक डोळा मघापासून उघडा आहे. आणि ते विष दाखवा बघू."

त्यांनी पुडी उघडून नाकाशी नेली. "अरे, हे विष कसलं? हा तर बुक्का! कीर्तनात कपाळी लावतात तो. वास घ्या."

तिघांनी वास घेतला. खरंच की! देवळाचा वास!

दिपमाला मात्र शेठच्या डांगराकडे टक लावून बघत होती. "शेठ, याचा देठ कुठे गेला? इथे नुसती गुळगुळीत खळगी आहे."

"पिकलेलं डांगर असंच असतं. सांध्याशी अंगठा दाबला, की आपसूक हातात येतं."

"अंगठा!" दिपमाला ताडकन उठली. "नवल, चोरानेही अंगठाच दाबला होता! पुन्हा पुन्हा! फळ सुटेना, तेव्हा पिळून काढलं. बियांसाठी पिकलेली काकडी पिवळीधमक होते, अंगावर जाळी येते. त्याला वाटलं, हे डांगरच! घागरीवर ठेवायला नेलं त्याने. आणि नेण्याआधी वेलीला बुक्का वाहिला!"

"देवभोळा चोर!" तेजस म्हणाला.

नवलचा चेहरा उतरला होता.

"काय झालं रे?"

"काल रात्री शिंदखेड्याला कीर्तन होतं. आमच्या गावातून एकच माणूस गेला होता. घरून त्यांना येताना डांगर आणायला सांगितलं होतं."

"कोण माणूस?"

"आमचे आबा," नवल कसाबसा म्हणाला.

प्रेमराजआबा! मनाने लोणी. पण बुवांनी वीणा छेडली आणि टाळ वाजू लागले, की आबांना ना घर आठवे, ना बाजार. देवाच्या नामात बुडालेल्या माणसाला कोण दोष देणार? दोष देणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची पत्नी ताईबाई. अख्खा गाव तिला आक्का म्हणायचा, आणि आबा अख्ख्या गावात तिलाच भ्यायचे.

मुलं घरी पोचली, तेव्हा पुरणाचा वास ओट्यापर्यंत येत होता. देवघरापुढे घागर मांडली होती. तिच्यावर मातीचं छोटं भांडं, त्यावर सांजोऱ्या, आणि सगळ्यांच्या वर, हळदकुंकू लावलेलं, जाळीदार, सोनेरी... तेच फळ! पितर म्हणून जेवायला बोलावलेल्या शेजारच्या सुनंदाबाई पाटावर येऊन बसल्याही होत्या.

"आबा," नवलने त्यांना हळूच विचारलं, "डांगर कुठून आणलं?"

"बाजारमातून! हाई डांगर बाजारनं शे!" आबा एवढ्या जोरात बोलले, की ते खोटं आहे हे गोठ्यातल्या म्हशीलाही कळलं असतं.

नवलने दिपमालाकडे पाहिलं. दिपमालाने तेजसला कोपराने ढोसलं. तेजस सरळ देवघरापुढे जाऊन उभा राहिला आणि नाक फेंदारून मोठमोठ्याने हुंगू लागला.

"काय रे, सर्दी झाली का?" आक्काने चुलीपुढून विचारलं.

"नाही आक्का, वास शोधतोय. फाट्यावर रतिलालशेठचं डांगर पिशवीत होतं, तरी बाकड्यापर्यंत घमघमत होतं. तुमचं उघड्यावर आहे, तरी वासच नाही!"

आक्काचा झारा कढईवरच थांबला. ती उठली, वाकली, तिनेही हुंगलं.

"खरंच वं माय! बिनवासाचं डांगर? मघाशी हातात घेतलं, तेव्हाच मला कसंसं झालं होतं. अहो! कोठून लिधं हे?"

आबांनी उपरणं काढलं, पुन्हा खांद्यावर घातलं. "ते... बाजारमा... म्हणजे बुवांनी ध्रुवाचं आख्यान लावलं होतं... ध्रुवबाळ रानात एकटं... मग पहाटेची बस... बाजार राहूनच गेला. आणि वाटेत जाळीच्या आत हे दिसलं. मी वेलीची माफी मागितली! बुक्काही वाहिला!"

"वेलीची माफी मागितली, आणि ज्या पोरीने ती राखली तिची?" आक्का कडाडली. दिपमालाच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहत होतं. "आबा, त्याच्यात आत्याच्या बिया आहेत," ती म्हणाली. "जगात तेवढ्याच आहेत."

आबा पाटावर बसले ते डोकं धरूनच.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. चारुलताआत्या! फाट्यावर शेठकडून सगळं कळल्यावर ती तडक इकडेच आली होती. तिने घागरीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं. आणि दिपमाला ज्याला घाबरत होती तेच झालं. ती गप्प बसली.

"घेऊन जा पोरी तुझं फळ," आबा म्हणाले.

"कसं नेणार?" आक्काचा आवाज आता कापत होता. "पितरांना वाहिलेलं उचलून परत घ्यायचं? वर्षातून एकदा येतात ते घरी. त्यांच्या पानातलं काढून घेऊ?"

आक्काचंही खरं होतं आणि आत्याचंही, आणि पोरांनो, जगात सगळ्यात अवघड कोडं तेच असतं!

शेवटी आत्याच म्हणाली, "आक्का, फळ राहू द्या घागरीवर. तसंही ते तुमच्याच घरचं आहे. ती गोल गावरान काकडी होती ना, तिचं बी आबांनीच दिलं होतं मला. माळ्यावर शेणाच्या वाळलेल्या गोळ्यात जपून ठेवलेलं होतं."

"काय सांगी ऱ्हायनी तू?" आक्का झटकन वळली. "शेणाच्या गोळ्यातलं? म्हणजे कौतिकबाईंचं? माझ्या सासूबाईंची काकडी?" ती घागरीजवळ गेली आणि तिने फळावरून हलकेच हात फिरवला. "अगं बाई! पिकली की अशीच सोनेरी पडायची. त्या गेल्या, मग कोणी लावलीच नाही. मी ओळखली कशी नाही!"

दिपमालाने डोळे पुसले. तिच्या मनात काहीतरी लख्खकन चमकून गेलं.

"आक्का, आजची घागर कोणाची आहे?"

"त्यांचीच तर!"

"त्या असताना कोणी बी मागायला आलं, तर काय करायच्या?"

"काय करणार? ओंजळ भरून द्यायच्या. म्हणायच्या, काकडी खाणाऱ्याची, बी मागणाऱ्याचं."

दिपमाला उठली. पितरांच्या पाटावर बसलेल्या सुनंदाबाईंपुढे तिने गुडघे टेकले आणि ओंजळ पुढे केली.

"कौतिकआजी," ती म्हणाली, "काकडी तुम्ही खा. बी मला द्या."

एरवी 'मले भूक लागनी वं' म्हणून सगळ्यांना हसवणाऱ्या सुनंदाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आक्काने पितरांच्या नावाने चुलीतल्या निखाऱ्यांवर तुपाची आगारी टाकली, धूर सरळ वर गेला, सगळ्यांनी हात जोडले. मग आत्याने विळी पुढे ओढली, आणि बिया दुखावू नयेत म्हणून किती हळू, किती अलगद ते फळ उभं चिरलं! आत पांढऱ्या, टपोऱ्या बियांच्या ओळी होत्या.

सुनंदाबाईंनी एकेक फोड उचलली. आधी बिया बोटाने सोडवून दिपमालाच्या ओंजळीत घातल्या, मग फोड तोंडात घातली. पिकलेल्या काकडीची ती आंबट फोड खाताना त्यांचा एक डोळा दर वेळी मिटत होता, पण त्यांनी एकही फोड पानात टाकली नाही.

"आबा," खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या आखाजीला आधी बाजार, मग कीर्तन! पितरंबी गोड मागतस!"

आणि मग जे हसू फुटलं, ते आवरता आवरेना. आबाही हसले, डोळे पुसत हसले.

आत्याने बिया भांड्यातल्या पाण्यात टाकल्या. भरलेल्या बिया तळाशी बसल्या, आणि तिच्या चेहऱ्यावर आखाजीचं खरं ऊन पसरलं. तिने दिपमालाला जवळ ओढलं.

"मी झोक्यावर गेले होते, आत्या," दिपमाला तिच्या कुशीत तोंड लपवून म्हणाली.

"आखाजीला पोरीने झोका घ्यायचा नाही, तर कधी? राखण सोडलीस हे चुकलंच. पण जे मला शिकूनही जमलं नसतं, ते तू मागून आणलंस."

"चोर शोधायला फौजदार लागतो, हेही लक्षात घ्या!" नवल म्हणाला.

"आणि बेशुद्ध पडायला कलावंत!" तेजस म्हणाला.

"तिघंही गुणाची," आक्काने प्रत्येकाच्या पानात पुरणपोळीवर तुपाची धार धरली. "चारू, या बियांची काकडी सासूबाईंच्या काकडीसारखीच निघेल ना गं?"

"लगेच नाही, आक्का. पहिली पिढी कडवटच असेल. मग तिचा पुन्हा गोड काकडीशी संकर, पुन्हा पेरणी, पुन्हा चाखणं. रोगात टिकेल ती ठेवायची, कडू निघेल ती सोडायची. कितीतरी हंगाम जातील."

"जाऊ देत," आक्का म्हणाली. "त्यांनी तरी दुसरं काय केलं जन्मभर? दरवर्षी चाखली, निवडली, ठेवली."

पुढच्या पावसात आबांच्या बांधावर त्या बिया उगवल्या. आत्या रोज पानं उलटून बघते. आबा संध्याकाळी शेजारी बसून अभंग म्हणतात, आणि वेलीला हात लावण्याआधी आत्याची परवानगी मागतात.

तर पोरांनो, एवढंच मागणं आहे. उद्या ताटात काकडीची कोवळी, थंडगार फोड येईल, तेव्हा ती गट्टम करण्याआधी क्षणभर थांबा, आणि निमटेकच्या कौतिकआजीची आठवण काढा. ती शाळेत गेली नव्हती, तिचा फोटोही कुठे नाही. पण ती बी राखायची, आणि मागितलं तर ओंजळ भरून द्यायची.